पेंढ्यांवर निजलेली बोदिल

फ्यून बेट, ऑगस्ट १८८६

प्रिय आईस, तुझ्या बोदिलचा मनापासून नमस्कार.

मी खुशाल आहे. जेवण पोटभर मिळतं. खोकला जवळजवळ गेलाच म्हण. धाकट्या इंगरच्या पायाला उतार पडला का?

कापणी बघायला इथे एस्बेन क्रोग नावाचे चित्रकार आलेत. स्वतः शेतमजुराचा मुलगा, म्हणून आपल्यासारख्यांचीच चित्रं काढतात. मालकीणबाईंनी मला चर्चला जायचा झगा घालून त्यांच्यापुढे उभं केलं, तर ते म्हणाले, "हिला कामाच्या कपड्यांत येऊ दे."

काल दुपारी ते रंग कालवत होते, तेवढ्यात पेंढ्यांना टेकून माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा मालकीणबाई समोर. मी धडपडत उठले. पण त्या चित्राकडे बघत होत्या. चित्रात मी झोपले होते, तोंड उघडं, पाय मातीने भरलेले.

"झोपलेली मोलकरीण?" त्या म्हणाल्या. "लोक म्हणतील, यांच्याकडे कामं होत नाहीत."

"काम झालंय, म्हणून तर झोपलीय," क्रोग म्हणाले आणि पुन्हा रंगवू लागले.

आई, त्यांनी माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा सोडली नाहीत, तरी मी त्यात छान दिसते. हे माणसाला कसं जमतं, कोण जाणे.

मालकीणबाईंनी वाकून चित्रातली ती वर्तुळं पाहिली. मग मला म्हणाल्या, "उद्या धारा मी काढते. तू नीज."

आज ऊन अंगावर येईपर्यंत मी झोपले.

बाबांना सांग, तब्येतीला जपा.

तुझीच लेक,
बोदिल