समुद्रापलीकडून आलेली घंटा

प्रिय बाबा,

सापडली! तुमची टेम्परन्स सापडली!

तीनशे वर्षांपूर्वी जोसाया थर्लोसोबत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरलेली आपली मूळ आजी. ती कुणाची कोण, याचा शोध घेता घेता तुमचे केस पिकले. शेवटी कुलसंमेलनात होरेसकाका सगळ्यांसमोर म्हणाला, "अरे एबेन, सोड नाद! जहाजावर उचललेली मोलकरीण ती. तिला कुठलं आलंय घराणं?" तुम्ही भरलेलं ताट तसंच ठेवून उठलात. मी इंग्लंडला निघाले ते त्या दिवसापासूनच, बोटीत नंतर चढले एवढंच.

सफोकमधली किती चर्चं पालथी घातली, विचारू नका. काल या आडगावात पोचले. इथे घंटा वाजवणाऱ्यांचा म्होरक्या गेज नावाचा खाटीक आहे. मला बघून हसला. "अमेरिकेहून का? तुम्हा लोकांना पूर्वज म्हणून राजाच लागतो बुवा!"

"मला मोलकरीण चालेल," मी म्हटलं.

तो चपापला. मग म्हणाला, "चल पोरी, निदान आमची थोरली घंटा तरी बघून जा."

शिडी चढून वर गेलो. घंटेवर कबुतरांच्या विष्ठेचा हा थर! खाली अक्षरं असल्यासारखी वाटली, म्हणून मी माझा चांगला रुमाल ओला करून घासत सुटले. एकेक अक्षर उघडं पडत गेलं आणि बाबा, काय लिहिलं होतं ते ऐका. 'मेंढपाळ वॉल्टर ऑल्डसची लेक, या गावची मोलकरीण, आता न्यू इंग्लंडच्या जोसाया थर्लोची पत्नी, टेम्परन्स हिने समुद्रापलीकडून दिली.'

होरेसकाका खरंच बोलला होता! पण गावाला एवढी घंटा देणारी मोलकरीण त्याच्या सात पिढ्यांत दुसरी आहे का, विचारा त्याला. मी तिथेच मोठ्यानं रडले. गेज टोपी काढून म्हणाला, "आयुष्यभर हिचाच दोर ओढतोय, आणि नाव आज कळतंय." मग त्यानं मला दोर धरायला दिला. सारं गाव दारात आलं.

आता हे पत्र घाईनं का, ते सांगते. आईनं कळवलंय की आपल्या गावच्या संस्थापकांची शिळा पुढच्या महिन्यात कोरायला घेणार, आणि तिच्यावर 'जोसाया थर्लो व पत्नी' एवढंच येणार. पत्र हाती पडताच पाथरवटाकडे जा. छिन्नी थांबवा. म्हणावं, तिला नाव आहे. टेम्परन्स ऑल्डस.

तुमचीच,
लव्हिनिया