जिन्याखालचं यंत्र

५ जानेवारी

ती. आई व बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा दवाखान्यातून घरी आले हे वाचून हायसं वाटलं. आई, फोनवर तुला ऐकू येत नाही आणि पक्षाघातामुळे बाबांना आता बोलता येत नाही, तेव्हा आपली पत्रंच बरी. उजवा पाय तीन महिन्यांत उचलला तर चालतील, नाहीतर पुढे कठीण, असं व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या ना? मग लाड न करता रोज उभं कर त्यांना.

जिन्याखाली मी बसवलेल्या भूकंपमापकाला मात्र हात लावू नका. आपल्या गावाखालून जमिनीतली जी भेग जाते, ती सरकतेय की अडकून बसलीय, हे आम्ही त्यावरून शोधतोय. यंत्र इतकं तिखट कानाचं आहे, की घरात कोण चाललं तेही इथे माझ्या पडद्यावर उमटतं. सर त्याला गोंगाट म्हणतात आणि पुसायला लावतात. पुसण्याआधी मी बघून घेते. बाबांचं एकही पाऊल अजून दिसलं नाही. जीव टांगणीला लागलाय. ते चालले नाहीत तर काम सोडून घरी येईन, आत्ताच सांगून ठेवते.

धाकट्या जिवावर माया असू द्या.
आपली,
भिंगरी

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

म्हणजे जिन्याखाली तू मला सासूच बसवून दिलीस म्हणायची! बरं, आता नीट बघ. सोमवारपासून तुझे बाबा रोज सकाळी दहाला, बूट घालून, जिना ते मागचं दार अशा पंचवीस फेऱ्या मारतात. काम सोडायचं खूळ डोक्यातून काढ. सहा वर्षं खपलीस, आता भेग पकडल्याशिवाय यायचं नाही, असं त्यांनी डाव्या हाताने पाटीवर लिहून दाखवलंय. अक्षर कोंबडीच्या पायांचं, पण हुकूम तोच जुना.

तब्येतीला जप, वेळेवर जेव.
तुझी,
आई

१० मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फेऱ्या दिसतात. रोज दहाला चहाचा कप घेऊन पडद्यासमोर बसते. सरांना दाखवल्या, तर तेवढा भाग पुसू नकोस म्हणाले.

भेगेची बातमी बरी नाही. ती पार अडकलीय आणि ताण वाढतोय. कधी सुटून हादरा देईल, कुणालाच सांगता येत नाही. सहा वर्षं डोकं फोडून हाती आलं ते एवढंच. फार उदास वाटतं. बाबांना यातलं काही सांगू नकोस.

मायेत उणं पडू देऊ नकोस.
तुझी,
भिंगरी

४ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. आ.

आता लपवून काय उपयोग? तीन महिने भरले. व्यायामाच्या बाई परवा बघून गेल्या. पाय आता उचलला जाणार नाही, आशा ठेवू नका म्हणाल्या. तुझे बाबा एक दिवसही चालले नाहीत गं. त्यांचे बूट घालून मीच चालत होते. युक्ती त्यांचीच. तू काम सोडू नयेस म्हणून पाटीवर लिहिली. खाटेवर पडल्यापडल्या फेऱ्या मोजायचे. मी चोविसावर थांबले की बोट वर करायचे, अजून एक. पोटच्या पोरीला फसवतोय याची रोज लाज वाटायची. रागावू नकोस.

तुझी,
आई

११ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

राग कसला? मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. एक पाय लुळा पडलेला माणूस इतका सारखा चालत नाही. आणि तुझी चाल मी पाळण्यापासून ऐकतेय, बूट कुणाचेही असोत. तरी बाबा चालायला लागले, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. खोटं आहे हे माहीत असूनही मला ते हवं होतं.

पत्र टाकल्यावरही तू चालतेच आहेस. आजही दहाला, पंचवीस. बाबांनीच थांबू दिलं नसेल. पण गेल्या आठवड्यापासून तुझा डावा पाय उशिरा पडतोय, आई. कालच्यापेक्षा आज जास्त. आता थांब. मी निघालेय.

तुझी,
भिंगरी