पत्री म्हणून खुडलेल्या जाबुटिकाबाच्या रोपांविषयी

प्रति,
मा. सचिव,
सह्याद्री-गंगा स्नेहसंस्था,
बालीगंज, कोलकाता.

विषय : गच्चीची किल्ली आजच्या आज मिळण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. २५ सप्टेंबरचे पत्र, जे दोनदा वाचूनही मला उत्तर वाटले नाही.

महोदय,

मी संस्थेच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. निवृत्त होईपर्यंत शाळेत जीवशास्त्र शिकवले. संस्थेच्या परवानगीने गच्चीच्या एका कोपऱ्यात मी जाबुटिकाबाची रोपे बियांपासून वाढवली होती, आणि ती आपल्या पूजा समितीने मारली.

१. जाबुटिकाबा हे ब्राझीलकडचे झुडूप. जांभळासारखी काळी फळे थेट खोडाला लागतात. बी वाळले की मेले, म्हणून फळ खाल्ल्याबरोबर पेरावे लागते. रोप वीतभर व्हायला वर्ष-दीड वर्ष, फळ धरायला आठ-दहा वर्षे. माझे वय एकाहत्तर आहे, तरीही मी पेरले. हे बी माझे थोरले बंधू कै. दत्तात्रय यांच्या बराकपूरच्या अंगणातल्या झुडपाचे होते. दादा गेल्यावर घर विकले गेले आणि नव्या मालकाने गाडी लावायला जागा हवी म्हणून झुडूप तोडले. शेवटची फळे मी आदल्या दिवशी पिशवीतून आणली होती.

२. हरतालिकेच्या सकाळी समितीप्रमुख सौ. अश्विनी मिराशी सभासदांच्या घरोघरी वाटायच्या पत्रीसाठी गच्चीवर गेल्या. डाळिंबाची पाने बाजारात मिळाली नव्हती. माझी रोपे त्यांना डाळिंबाची वाटली. बारीक चकचकीत पाने, तांबूस शेंडा. चूक होऊ शकते, हे मी मान्य करते. पण एक जिना उतरून विचारायला काय झाले होते? मी घरातच मोदकांसाठी नारळ खवत बसले होते. त्यांनी एकूण एक रोप शेंड्यासकट खुडले. पुढे घोटाळा नको म्हणून डाळिंबाची एक डहाळी अर्जासोबत जोडली आहे. ती समितीने नीट पाहून ठेवावी.

३. यावर कडी म्हणजे आरतीनंतर 'पत्री सौजन्य : श्रीमती कालिंदी बेहेरे' असे ध्वनिवर्धकावरून जाहीर झाले. टाळ्या पडल्या, माझ्या हातात नारळ देण्यात आला. देवासमोर भांडू नये म्हणून मी तो घेतला. तक्रार केल्यावर आपण कळवलेत की रोपे देवाच्या कामी आली, याहून भाग्य कोणते! महोदय, गणपती माझ्याही घरी बसतो. त्याच्यासाठी माझ्या दादाचे शेवटचे झाड मारा, असे त्याने कोणाला सांगितले होते? पुढच्या वर्षीही हीच पाने द्यावीत अशी विनंती त्याच पत्रात करण्याचे धाडस आपल्याला कसे झाले, हे मला अजून कळलेले नाही.

४. आता 'रोपांवरून वाद नको' म्हणून गच्चीला कुलूप लावले आहे आणि विषय काली पूजेनंतरच्या, म्हणजे महिन्याभराने दिवाळी उलटल्यावरच्या बैठकीत घेणार आहात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

५. सगळी रोपे मेली असे मी धरून चालले होते. काल समोरच्या इमारतीतल्या शर्बाणी घोषाल यांनी फोन करून सांगितले, की एका कुंडीतल्या खुंटाला दोन पाने फुटली आहेत. त्यांच्या गच्चीवरून ती दिसतात. पाऊस थांबून ऊन तापू लागले आहे, म्हणून त्या बांबूला पाइप बांधून गल्लीपलीकडून पाणी उडवतात. निम्मे पाणी खालच्या मिठाईवाल्याच्या छपरावर पडते. तो ओरडतो, मग त्याही त्याच्यावर ओरडतात. त्या आपल्या सभासद नाहीत. हे फळ त्यांनी कधी पाहिलेलेही नाही. झाड माझ्या दादाचे आहे, एवढेच मी त्यांना एकदा सांगितले होते.

उद्या सकाळी त्या दुर्गापूजेच्या दिवसांसाठी मुलीकडे बंगळुरूला जात आहेत. त्यानंतर त्या दोन पानांना पाणी घालणारे कोणी नाही. बैठक आपण केव्हाही घ्या, किल्ली आज द्या. संध्याकाळपर्यंत मिळाली नाही, तर मी कुलूपवाल्याला घेऊन वर जाईन.

संस्थेची अजून तरी नम्र सभासद,
कालिंदी बेहेरे
बालीगंज, दि. ३० सप्टेंबर २०२४