श्रावण पाळणारा माणूस

२४ जुलै, गुरु.
उद्यापासून श्रावण. आज शेवटची म्हणून घेतली. शेवटची म्हणून जरा जास्तच. आता महिनाभर थेंब नाही, बारा वर्षांचा शिरस्ता. बायको, वैशू, तिच्या आईला फोनवर सांगत होती, "आमच्या घरी श्रावण पाळतात. बेवडा माणूस श्रावण पाळीन का?" मलाही ते ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू. रोज इथं 'निरंक' लिहायचं, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, बाटली फोडायची.

२५ जुलै, शुक्र.
निरंक.

२६ जुलै, शनि.
निरंक. दहावीच्या बॅचला वर्तुळ शिकवताना खडू धरवेना. नुसता घाम. पोरांना गणितं देऊन खुर्चीत बसून राहिलो. राजापेठेत एवढा गोंगाट, पण मला समोरच्या वाइन शॉपचं शटर तेवढं ऐकू आलं.

२७ जुलै, रवि.
निरंक.

२८ जुलै, सोम.
कालचं निरंक खोटं. परवाचंही. शनिवारी लिहून झालं, वही मिटली आणि खाली उतरून घेऊन आलो. म्हणजे पुरते दोन दिवससुद्धा नाही. बरं, ही वही मी सोडून कोणी वाचत नाही. मग फसवलं कोणाला? गणिताचा मास्तर म्हणे.

२ ऑगस्ट, शनि.
डॉक्टरांकडे गेलो, एकटाच. पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. म्हणाले, घरच्या घरी एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. भरती व्हा. अकोल्यात व्यसनमुक्ती केंद्र आहे, महिनाभर राहावं लागेल.
लगेच फोन लावला. तिथल्या बाई गोड बोलल्या, "सोबत घरचं माणूस आणा सर, सही लागते." डोकंच फिरलं. एवढी हिंमत करून फोन केला तर म्हणे घरचं माणूस!

५ ऑगस्ट, मंगळ.
वैशूला म्हटलं, मला भरती व्हायचंय. ती हसली.
"कावून? तुमी तं घेऊनच नाही राहिले. मंग सोडवाले कावून जाता?"
मोडला श्रावण, हे तोंडातून निघेना. तिचे सोमवार चालू आहेत. माझ्यासाठीच धरलेत.

१० ऑगस्ट, रवि.
एसटीनं अचलपूर. दादाला खरं सांगितलं आणि सही मागितली. तर म्हणतो, "मोडला तं मोडला. एवढं काय? करीले ये इकडं, मटन करू, बसू दोघं. मंग पाहू तुहं."
संतापानं चहाही न घेता निघालो. परतवाड्याच्या स्टँडवर घेतली.

१४ ऑगस्ट, गुरु.
वैशू तयार! कशासाठी, तर "चला, मीच सांगतो त्यायले. तुमी उगंच मनावर घेऊन राहिले." म्हणजे सही करायला नव्हे, माझी वकिली करायला येणार.
केंद्रात फोन केला. सोमवारी कावडींची मिरवणूक, जुन्या शहरात शिरता येणार नाही, मंगळवारी या. आणखी पाच दिवस. इथं मला पाच तास काढता येत नाहीत.

१९ ऑगस्ट, मंगळ. अकोला
केंद्राच्या बाकावर बसलोय.
काउन्सेलरनी फॉर्म आणि पेन वैशूकडे दिलं. पेन बाजूला ठेवून तिनं सुरूच केलं, "सर, हे श्रावण पाळतात जी. सव्वीस दिवस झाले, हात नाही लावला." अभिमानानं. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.
काउन्सेलरनी माझ्याकडे पाहिलं. "शेवटची कधी घेतली, सर?"
"आज सकाळी. अमरावतीच्या स्टँडवर."
वैशू माझ्याकडे वळली.
"अन् काल?"
"काल पण."
"काल सोमवार होता. मले उपास होता."
"सगळ्याच सोमवारी घेतली, वैशू."
ती उठली आणि बाहेर गेली. फॉर्म हातातच होता, तसाच नेला. खिडकीतून दिसतेय. फाटकाजवळ उभी आहे, फॉर्म वाचतेय की नुसती बघतेय, कळत नाही. मागे वळत नाही.
एक वाजता भरती बंद करतात. पाऊण वाजलाय.
पेन इथंच राहिलं. त्यानंच लिहितोय.