पानावर पान

३ फेब्रुवारी
दादाने पुण्याहून त्याचा जुना लॅपटॉप पाठवला. माझं डिझाइनचं सॉफ्टवेअर त्यावर चालतच नाही, वेगळ्या मशीनसाठी बनलंय म्हणे. मग दादाने फोनवर बसून एमुलेटर टाकायला लावला. म्हणजे लॅपटॉपच्या पोटात एक खोटा लॅपटॉप, आणि सॉफ्टवेअरला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. मधे एक दुभाषा. कळलं, असं दादाला सांगितलं. कळलेलं नाही.

६ फेब्रु.
भैरवगढ. सालीमभाईंच्या छपाई कारखान्यात. त्यांना चादरीच्या काठाला नवी वेल हवीय. माझं पहिलं स्वतःचं डिझाइन!
घरी आई: "इंदूरची शाळा मार्चपर्यंत रुकेल. मग हां की ना, एकदाचं सांगून टाक."
ड्रॉइंग टीचरची जागा. मला जायचं नाही. पण नाही म्हणायला हातात काहीतरी हवं ना.

९ फेब्रु.
लॅपटॉप तव्यासारखा तापतो. पंखा असा ओरडतो की आईने आतून विचारलं, मिक्सर कोणी लावला. वेलीला पान काढलं, दिसलं नाही. परत काढलं. नाही. तिसऱ्यांदा दिसलं. पुढच्या पानाला तेच. चूक माझी, लॅपटॉपची, की दुभाष्याची?

११ फेब्रु.
दादा म्हणाला, एमुलेटरला मेमरी वाढवून दे. दिली. आता देठ गायब. अर्धी वेल अंदाजाने काढतेय. वैताग नुसता.

१४ फेब्रु.
वेल झाली. स्क्रीनवर तरी बरी दिसते. फाईल फ्रीगंजच्या प्रिंटवाल्याला पाठवली. सालीमभाई जाता जाता कागद उचलतील.

२० फेब्रु.
भैरवगढ. छपाईचा लाकडी ठप्पा तयार. सागवानावर कागद चिकटवून त्याच्यावरूनच कोरतात, कोरताना कागद जातो. म्हणजे छापलेली वेल मी आज पहिल्यांदा बघितली, तीही लाकडात. प्रत्येक पानाखाली आणखी पानं, जराजरा सरकलेली. मी काढलेली आणि मला न दिसलेली सगळी! फाईलमध्ये गपचूप जमा होत होती.
सांगणार, तेवढ्यात सालीमभाई: "बिटिया, पत्ती पे पत्ती! हवा चल री है इसमें। कैसे सूझा?"
"बस, ऐसे ही," म्हटलं.
लाज वाटली. आनंदही झाला, इथे खोटं कशाला लिहू.

२ मार्च
चादरी छापून वाळत घातल्या. वेल हलते. खरंच हलते. जयपूरच्या एका व्यापाऱ्याला फार आवडल्या, "इसी हाथ की" आणखी डिझाइनं हवीत. सालीमभाई म्हणाले, अब यहीं बैठो कारखाने में। हेच तर हवं होतं. आता मिळतंय तर घाबरायला होतंय. कुणाचा हात? माझा की...

५ मार्च
नवी वेल घेतली. पानं दिसेनाशी होतील म्हणून वाट बघतेय, तर सगळी पहिल्याच फटक्यात दिसतात. दादाला फोन.
"सकाळी एमुलेटरचं अपडेट टाकलं ना मी इथून. आता मक्खन चालेल."
मक्खनच चालतंय. पंखासुद्धा गप्प. जुनं होतं तसं परत करून दे म्हटलं, तर म्हणे पागल आहेस का, आता ते मिळायचं नाही.

८ मार्च
पान काढते, पान येतं. एकच. मुद्दाम एकावर एक काढली, सरकवून. मुद्दाम काढल्यासारखीच दिसतात. डोळे मिटून काढली, तर पालकाची जुडी झाली.
जुनी फाईल शेजारी उघडून ठेवलीय. त्यातलं एकूण एक पान मीच काढलंय, दुसरं कोणी नव्हतं खोलीत. मग आता का येत नाही? रडू यायला लागलं.
आई चहा घेऊन आली. शाळेला आज कळवायचंय. दोन्ही वेलींकडे बघत राहिली, मग म्हणाली, "यातली तुझी कोणती?"
"दोन्ही."
"मग त्यांना काय सांगू? हां की ना?"
थांब म्हटलं, एक पान काढून बघते.