पिंपातल्या मासोळ्या

ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतोय. चार दिवस तुझा फोन बंद लागतोय, म्हणून गावी निघालेल्या गवंड्याच्या हाती हे पत्र देतोय.

इथे नवा स्लॅब टाकलाय. तो तडकू नये म्हणून त्यावर पाणी साठवून ठेवायचं काम माझ्याकडे आहे. डासांचं म्हणशील तर गटारावर औषध मारलं, संध्याकाळी धूर केला की झालं. स्लॅबवरचं पाणी नितळ, त्यात कसले डास, असं मुकादम म्हणतो. मीही तेच म्हणायचो.

परवा माझ्या शेजारी झोपणारा सुतार तापाने फणफणला. "दोन गोळ्यांत पळेल," म्हणाला. काल त्याला दवाखान्यात उचलून न्यावं लागलं. अजून शुद्धीवर नाही.

आज तपासणीवाल्या बाई आल्या. त्यांनी माझ्या त्या नितळ पाण्यात पांढरी वाटी बुडवून माझ्यापुढे धरली. आत बारीक शेपट्या वळवळत होत्या. "या अळ्या. यांचेच डास होतात, दिवसा चावतात. हा ताप त्यांचाच," म्हणाल्या.

मागे फोनवर तू सांगितलं होतंस, न्हाणीतल्या पिंपात चिमीला इवल्या मासोळ्या सापडल्यात, शाळेतून आली की त्यांना कणीक टाकत बसते, कुणाला पाणी ओतू देत नाही. मी ते इथे सगळ्यांना हसत सांगितलं गं.

ताई, त्या मासोळ्या नाहीत. हे पत्र खाली ठेव आणि आधी पिंप उपडं कर. चिमी रडली, भांडली, तर मला बरंच वाटेल. पण पोरगी गप्प पडून असेल, तर पिंप राहू दे, तिला उचल आणि दवाखाना गाठ.

फोन चालू कर.

तुझा,
धाकटा