खांदा माझा, मतं सगळ्यांची

३ मार्च
बॉक्सिंगच्या सरावात हूकचा ठोसा मारताना उजव्या खांद्यातून आवाज येतो. ताकद वाढल्याचं लक्षण. कोच म्हणाले, ताकद कसली, दुखापत आहे. आधी फिजिओथेरपिस्टला दाखव, मग ग्लोव्ह्ज घाल. कोचचं आता वय झालं. पुढच्या महिन्यात क्लबची स्पर्धा. त्यानंतर मला चाळीस पूर्ण, मग रिंगमध्ये घेत नाहीत. म्हणजे ही शेवटची. आजवर एकही फाइट जिंकलेलो नाही, पण प्रत्येक वेळी कारण वेगळं होतं.

५ मार्च
फिजिओबाईंकडे गेलो. सासऱ्यांचाही खांदा आखडलाय, म्हणून बायकोने त्यांना सोबत दिलं. बाईंनी हात वर करायला सांगितला. कानापर्यंत पोचला नाही. बाई गंभीर झाल्या. माझे दंड बघून असणार. म्हणाल्या, ठोसा नुसत्या हातातून येत नाही, पाठ आणि खांदा मिळून मारतात. आतले छोटे स्नायू दमलेत, ते मजबूत केले तर दुखणं जाईल आणि ठोसाही सुधारेल. मग हातात रबरी पट्टा दिला. गुलाबी. मी बॉक्सर आहे, हे पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, लक्षात आहे, म्हणूनच सगळ्यात हलका दिलाय.

६ मार्च, सकाळी
आजपासून रोज व्यायाम. सबबी बंद.

६ मार्च, संध्याकाळी
उद्यापासून.

९ मार्च
एका व्यायामात भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा असतो. मुलीने विचारलं, बाबा पाल पकडतायत का? हा व्यायाम रद्द. त्याऐवजी पंचिंग बॅगवर जास्त वेळ दिला. व्यायाम तो व्यायाम.

१४ मार्च
बुटांच्या दुकानात वरच्या फळीपर्यंत हात जाईना. दिवसभर खालच्या फळीवरच्या सपाताच दाखवल्या. एकजण स्वतःच्या लग्नासाठी काळे बूट घ्यायला आला होता, सपाता घेऊन गेला. याला म्हणतात सेल्समनशिप. मालक म्हणाले, बरं नसेल तर रजा घे. जीव आहे त्यांचा माझ्यावर.

१९ मार्च
बाईंना सांगितलं, सगळे व्यायाम चालू आहेत. त्या म्हणाल्या, करून दाखवा. पट्टा ओढला, तो सटकला आणि टेबलावरचे पेन चारी दिशांना गेले. एवढी ताकद त्यांनी पाहिली नसावी. सासरे मात्र न चुकता पट्टा ओढतात म्हणे. आज त्यांनी माळ्यावरची बॅग एका हाताने खाली काढली. बॅग माझीच होती. मला निघत नव्हती.

२६ मार्च
चहा देताना बायको शांतपणे म्हणाली, "तुम्ही हरलात तरी मला चालेल हो. हात तेवढा जपा."
हरण्याचा विषय आलाच कुठे? तिला बॉक्सिंगमधलं कळत नाही. तरी दिवसभर जरा कसंतरीच वाटलं. शेवटी व्यायामाला बसलो, तर मुलीने पट्ट्याने वह्या बांधून ठेवलेल्या. तिच्या अभ्यासात व्यत्यय नको.

४ एप्रिल
बाई म्हणाल्या, इतक्यात फाइट नको, खांदा टिकणार नाही. कोचना सांगितलं, बाईंनी हिरवा कंदील दाखवला. कंदील दाखवला एवढं खरंच आहे, रंगाचा थोडा घोळ. स्पर्धेच्या डॉक्टरांनी हात वर करून दाखवा म्हटलं. डावा दाखवला. कुठला, ते त्यांनी विचारलं नव्हतं.

११ एप्रिल
डाव्या हाताने लिहितोय, अक्षर लागलं तर नशीब.
जिंकलो!
प्रतिस्पर्धी आलाच नाही. त्याचा घोटा मुरगळला, फिजिओने खेळू नको म्हटलं आणि त्याने चक्क ऐकलं. जेमतेम पंचविशीचा आहे, पुढच्या वर्षी खेळेल. मी एकटाच रिंगमध्ये. घंटा झाली, माझं नाव पुकारलं. नियमाप्रमाणे रेफ्रीने विजेत्याचा हात धरला आणि उत्साहाने वर उचलला. उजवा.
मी गुडघ्यांवर बसलो. लोकांना वाटलं, भावना अनावर झाल्या. जोरात टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा.
हॉस्पिटलमध्ये निखळलेला खांदा बसवताना डॉक्टरांनी आदराने विचारलं, कितव्या राउंडला लागलं? मी सुरुवात कुठून करावी याचा विचार करत होतो, तेवढ्यात शेजारून बायको म्हणाली, "राउंड नाही हो डॉक्टर. सत्कारात लागलं."